आजोबा, नातू आणि तिसरी टोपली

परवा ऑफिसात एका नव्या मुलाची मुलाखत घेत होतो. आमचा एक ठरलेला प्रश्न आहे. समजा ऑब्जेक्ट्सची एक लांबलचक यादी आहे, तीतले डुप्लिकेट काढून टाक. मुलगा हुशार होता. अर्ध्या मिनिटात म्हणाला, "सर, सेटमध्ये टाकायचं. डुप्लिकेट आपोआप जातात."

उत्तर बरोबरच आहे. मी म्हटलं, "दोन ऑब्जेक्ट सारखे आहेत हे सेटला कसं कळणार?"

"इक्वल्स मेथड लिहायची सर. आणि हॅशकोड."

"त्या इक्वल्समध्ये काय लिहायचं हे कोण ठरवणार?"

तो जरा थांबला. मग म्हणाला, "ते रिक्वायरमेंटमध्ये असेल ना सर."

मी हसलो. मुलगा पासही झाला. पण संध्याकाळी ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा आठवलं की हे असलंच उत्तर साधारण वीस वर्षांपूर्वी मीही दिलं होतं, आणि त्यापायी एका म्हातार्‍या माणसाच्या औषधाच्या पैशांचा घोळ करून ठेवला होता. ती गोष्ट सांगणारच आहे, पण शेवटी. कारण ती नीट कळायला आधी थोडा इतिहास बघावा लागेल. आणि हा इतिहास मजेदार आहे. त्यात कापड गिरणीतला एक माणूस आहे, अणुऊर्जेवाले आहेत, अमेरिकेतली एक निवडणूक आहे आणि नंदुरबार जिल्ह्यातलं एक गावही आहे.

तर सुरुवात सोप्या भागापासून करू.

शेजारी बसवा म्हणजे दिसेल

पत्त्यांचा कॅट घेतला आणि त्यात एखादं पान दोनदा आलंय का बघायचं ठरवलं, तर प्रत्येक पान दुसर्‍या प्रत्येक पानाशी लावून बघता येईल. ५२ पानांच्या १,३२६ जोड्या होतात. चालेल, पावसाळी रविवार असेल तर. पण यादी १० लाख नोंदींची असेल तर जोड्या होतात जवळजवळ ५० हजार कोटी. इथे कॉम्प्युटरलाही घाम फुटतो.

शहाणा माणूस काय करतो? पानं आधी लावून घेतो. इस्पिक एकीकडे, बदाम एकीकडे, मग एक्क्यापासून राजापर्यंत. एकदा लावली की दोन सारखी पानं शेजारी शेजारी येऊन बसतात, आणि फक्त शेजार्‍याकडे बघितलं की काम होतं. म्हणजे डुप्लिकेट काढणे हा प्रश्न क्रमाने लावण्याच्या प्रश्नात बदलला. हा क्रम लावायचा उद्योग कॉम्प्युटरइतकाच जुना आहे. जॉन फॉन नॉयमनने १९४५ मध्ये एडव्हॅक या यंत्रासाठी जो प्रोग्रॅम हाताने लिहून काढला तो क्रम लावण्याचाच होता, आणि तेव्हा ते यंत्र तयारसुद्धा झालेलं नव्हतं!

युनिक्सवर काम करणार्‍यांना युनिक ही कमांड माहीत असेल. ती फक्त लागोपाठ आलेल्या सारख्या ओळी काढते, लांबच्या काढत नाही. नवशिका हमखास फसतो आणि म्हणतो की कमांडमध्ये बग आहे. बग नाहीये. आधी सॉर्ट, मग युनिक, अशी जोडीनेच ती वापरायची असते.

कापड गिरणीतून आलेला माणूस

दुसरी युक्ती जास्त चलाख आहे. हान्स पीटर लून नावाचा एक गृहस्थ आयबीएममध्ये होता. मूळचा जर्मन, आधी कापडधंद्यात होता, आणि कापडातले धागे मोजायचं एक साधन त्याने बनवलं होतं. क्रेडिट कार्डाच्या नंबरात एखादा आकडा चुकला की वेबसाइट लगेच ओरडते ना? ते गणितही त्याचंच.

जानेवारी १९५३ मध्ये लूनने कंपनीतल्या कंपनीत एक टिपण लिहिलं. कल्पना अशी की प्रत्येक नोंदीवर काहीतरी ठरलेलं गणित करा, त्यातून एक आकडा काढा, आणि त्या आकड्याच्या खणात ती नोंद टाका. सारख्या नोंदींचा आकडा सारखाच येणार, म्हणजे त्या एकाच खणात पडणार. मग सगळी यादी धुंडाळायची गरजच नाही, फक्त आपला खण उघडून बघायचा. पोस्टात पत्रं पिनकोडप्रमाणे वेगवेगळ्या खणांत टाकतात, साधारण तसंच. १९५६ मध्ये अर्नोल्ड ड्युमी याने ही कल्पना छापील लेखात मांडली. आकडा काढायची त्याची रीत आजही पुस्तकांत शिकवतात: मूळ संख्येने भागा आणि बाकी घ्या. या सगळ्याला पुढे हॅशिंग म्हणू लागले. हॅश म्हणजे खिमा. नोंदीचा खिमा करून आकडा काढायचा, म्हणून हे नाव.

डिसेंबर १९९८ मध्ये जावाची १.२ आवृत्ती आली आणि तिच्याबरोबर हॅशसेट आला. लूनचे खण आता एका ओळीत मिळू लागले. आमच्या पिढीने तो आयता वापरला. एकच अट होती: दोन ऑब्जेक्ट सारखे कधी म्हणायचे हे तुम्ही सांगायचं, आणि सारख्या ऑब्जेक्ट्सचा हॅशकोड सारखाच येईल याची काळजी घ्यायची. इक्वल्स लिहून हॅशकोड लिहायला विसरलात तर दोन सारख्या नोंदी दोन वेगळ्या खणांत पडतात आणि एकमेकींना कधी भेटतच नाहीत. यात एक रात्र घालवली नाही असा जावा प्रोग्रॅमर मला अजून भेटायचाय :)

इथपर्यंतचा इतिहास म्हणजे वेगाचा इतिहास. ५० हजार कोटी तुलनांवरून आपण एका ओळीवर आलो. पण "सारखं म्हणजे काय?" हा प्रश्न मात्र होता तिथेच राहिला. तो अलगद प्रोग्रॅमरच्या ताटात वाढला गेला.

सारखं म्हणजे काय?

तो किती अवघड आहे याचा नमुना जावातच आहे. वेबचा पत्ता ठेवायला तिच्यात यूआरएल नावाचा एक क्लास सुरुवातीपासून आहे. ज्यांनी तो लिहिला त्यांनी विचार केला, दोन पत्त्यांची नावं वेगळी असली तरी ती शेवटी एकाच मशीनवर जात असतील तर ते पत्ते सारखेच म्हणायचे. तेव्हा हे पटण्यासारखं होतं. पण मग एकाच सर्व्हरवर शेकडो वेबसाइट राहू लागल्या. आता तुमचा ब्लॉग आणि माझा ब्लॉग एकाच सर्व्हरवर असले तर या क्लासच्या मते दोन्हींचं पहिलं पान एकच! असे पत्ते हॅशसेटमध्ये टाकले की एक ब्लॉग गायब. वर ही तुलना करायला तो इंटरनेटवर जाऊन विचारतो, त्यामुळे नेट बंद असेल तर उत्तर आणखी वेगळं. जावाच्या अधिकृत माहितीतच ही खोट मान्य केलेली आहे, पण जुने प्रोग्रॅम मोडतील म्हणून ती दुरुस्त केलेली नाही.

डेटाबेसवाल्यांचीही हीच गंमत. एडगर कॉडने १९७० मध्ये रिलेशनल डेटाबेसची कल्पना मांडली ती गणितातल्या संचावर, म्हणजे सेटवर. संचात एक गोष्ट दोनदा येऊच शकत नाही. पण १९७४ पासून आयबीएममध्येच जी भाषा तयार झाली, म्हणजे आजची एसक्यूएल, तिच्यात डुप्लिकेट ओळी चालतात. प्रत्येक उत्तरातून डुप्लिकेट काढणं महाग पडत होतं, म्हणून ते काम डिस्टिंक्ट हा शब्द लिहिणार्‍यावर सोडलं. शुद्धतावादी मंडळी यावर अजून चिडतात. मला मात्र यात थोडा व्यवहार दिसतो. टपरीवर मी सकाळी १५ रुपयांचा चहा घेतला आणि थोड्या वेळाने मित्राबरोबर पुन्हा १५ रुपयांचा घेतला, आणि टपरीवाल्याच्या वहीत नुसतं "चहा, १५" असं दोनदा लिहिलेलं असलं, तर ते डुप्लिकेट नाही. ते दोन चहा आहेत. संच करायला गेलात तर टपरीवाला भांडायला येईल, आणि त्याचंच बरोबर असेल.

म्हणजे दोन हुबेहूब नोंदींच्या मागे दोन खर्‍या गोष्टी असू शकतात. आणि उलट, दोन वेगळ्या दिसणार्‍या नोंदींच्या मागे एकच गोष्ट असू शकते. हे कॉम्प्युटरवाल्यांना उशिरा कळलं. कारकुनांना फार आधीच कळलेलं होतं.

जोशी आणि जोग

अमेरिकेत नाव लिहिणारा कारकून वेगळा आणि सांगणारा वेगळा. सांगणारा पोलंडहून नाहीतर इटलीहून आलेला. एकाच आडनावाची दहा स्पेलिंगं होत. पिट्सबर्गच्या रॉबर्ट रसेलने १९१८ मध्ये यावर एक पेटंट घेतलं: नावं स्पेलिंगप्रमाणे लावू नका, उच्चाराप्रमाणे लावा. यातूनच साउंडेक्स ही पद्धत आली. आज ती शिकवतात त्यात नावाचं पहिलं अक्षर तसंच ठेवतात, स्वर गाळतात, आणि पुढच्या व्यंजनांना गटवार १ ते ६ आकडे देतात. प, फ, ब, व यांना १, ट आणि द यांना ३, म आणि न यांना ५, वगैरे. आपली वर्णमाला शिकलेल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. ओठांची अक्षरं एका ओळीत आणि दातांची एका ओळीत आपण पहिलीपासून घोकलेली आहेत.

या पद्धतीचं सगळ्यात मोठं काम १९३० च्या दशकातलं. १९३५ मध्ये अमेरिकेत म्हातारपणाच्या पेन्शनचा कायदा झाला आणि ६५ वर्षं वयाचा पुरावा लागू लागला. जन्मदाखले कितीतरी जणांकडे नव्हतेच. मग १८८० च्या जनगणनेच्या कागदांवरून उच्चारवार कार्डं बनवली गेली. सगळ्यांची नाही, फक्त ज्या घरांत १० वर्षांची किंवा त्याहून लहान मुलं होती त्यांची. हिशोब करून बघा. १८८० मध्ये १० वर्षांचा असलेला मुलगा १९३५ मध्ये बरोबर ६५ चा होतो! त्या कार्डांच्या भरवशावर म्हातार्‍या माणसांचं वय ठरत होतं.

आपली नावं साउंडेक्समध्ये घालून बघायचा उद्योग मी केलाय. चौधरी कसंही लिहा, शक्यतो एकच कोड येतो. छान वाटतं. पण जोशी आणि जोग यांचाही कोड एकच येतो, जे-२००. काळे आणि कोहली दोघेही के-४००. आणि डब्ल्यूने लिहिलेले वाघ व व्हीने लिहिलेले वाघ मात्र दोन वेगळे, कारण पहिलं अक्षर बदललं. म्हणजे ही चाळणी दोन्हीकडे चुकते. वेगळ्यांना एक करते आणि एकाला वेगळं करते.

दोन्हीकडच्या चुका. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं यावरच आहे.

तिसरी टोपली

१९४६ मध्ये हॅल्बर्ट डन या अमेरिकन आरोग्य अधिकार्‍याने एक छोटा लेख लिहिला. त्याचं म्हणणं असं की प्रत्येक माणसाचं एक पुस्तक असतं. पहिलं पान जन्माच्या नोंदीचं, शेवटचं मृत्यूच्या. मधली पानं लग्नाची, दवाखान्याची, कोर्टकचेरीची. फक्त ही पानं वेगवेगळ्या कचेर्‍यांत विखुरलेली आहेत, ती गोळा करून बांधायला हवीत.

हे काम यंत्राकडून करून घ्यायचा पहिला मोठा प्रयत्न कॅनडात झाला, आणि तोही अणुऊर्जेच्या लोकांकडून. हॉवर्ड न्यूकम हा आनुवंशिकीचा अभ्यासक. किरणोत्साराचा पुढच्या पिढ्यांवर काय परिणाम होतो हे शोधायचं तर कुटुंबांचा माग काढायला हवा. म्हणून त्याने ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या जन्माच्या नोंदी आईबापांच्या लग्नाच्या नोंदींशी जुळवायला घेतल्या. १९५९ मध्ये सायन्स या नियतकालिकात त्याचा आणि त्याच्या सहकार्‍यांचा लेख आला. आडनावांसाठी त्यांनी साउंडेक्सच वापरलं. पण खरी गोम पुढे आहे. त्यांच्या लक्षात आलं की सगळ्या जुळण्या सारख्या मोलाच्या नसतात. दोन नोंदींत स्मिथ हे आडनाव जुळलं तर त्यात विशेष काही नाही, ढिगाने स्मिथ आहेत. दुर्मिळ आडनाव जुळलं तर मात्र वजन जास्त.

आपल्याकडे याचं फार सुंदर उदाहरण आहे. तुमच्या आजोबांची, मोठ्या काकांची जन्मतारीख विचारा. बर्‍याच घरांत १ जून हे उत्तर येईल. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, नाव घालायला नेलं की मास्तर तारीख विचारायचे, घरच्यांना "पुराच्या साली" यापलीकडे आठवायचं नाही, मग मास्तर १ जून टाकून द्यायचे. म्हणजे दोन नोंदींत ३ फेब्रुवारी जुळली तर तो पुरावा झाला, पण १ जून जुळली तर तो पुरावा नाही. ती मास्तरांची सोय आहे.

या अनुभवाला गणिताची पक्की बैठक मिळाली ती १९६९ मध्ये. आयव्हन फेलेगी हा १९५६ च्या उठावानंतर हंगेरीतून कॅनडात आलेला संख्याशास्त्रज्ञ. पुढे तो त्या देशाच्या सांख्यिकी खात्याचा प्रमुख झाला. त्याने आणि अ‍ॅलन संटर याने जो सिद्धांत मांडला तो या विषयात आजही पाया मानतात. मला त्यातली समीकरणं मोडकीतोडकी समजतात, पण कल्पना शाळकरी मुलालाही सांगता येईल. दोन नोंदी घ्या. प्रत्येक रकान्याच्या जुळण्या-न जुळण्याचं वजन मिळवा. बेरीज खूप जास्त आली तर "एकच" या टोपलीत टाका. खूप कमी आली तर "वेगळे" या टोपलीत टाका. आणि मधेच कुठेतरी आली तर? तर तिसर्‍या टोपलीत टाका. तिसरी टोपली म्हणजे माणसाने डोळ्यांनी बघायची.

ही टोपली म्हणजे सिद्धांतातली पळवाट नव्हे. उलट सिद्धांताचा गाभाच तो आहे. दोन्हीकडच्या चुका किती झालेल्या चालतील हे तुम्ही आधी ठरवायचं, मग त्या मर्यादेत राहून तिसरी टोपली लहानात लहान कशी ठेवायची हे गणित सांगतं. लहानात लहान. रिकामी असं ते म्हणत नाही.

आता आपला हॅशसेट बघा. त्याला दोनच उत्तरं येतात, हो किंवा नाही. "नक्की सांगता येत नाही" असं उत्तर द्यायची सोय इक्वल्स मेथडमध्ये नाही.

टोपली काढून टाकली की

फ्लोरिडात कायद्याने गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांचा मताधिकार जात असे. १९९८ च्या एका कायद्यानुसार मतदारयाद्या साफ करायचं काम खासगी कंपनीकडे गेलं. गुन्हेगारांची यादी आणि मतदारांची यादी, दोन्हींत असलेला माणूस शोधायचा. म्हणजे आपलाच प्रश्न. पण चाळणी मुद्दाम सैल ठेवली गेली. आडनाव ८० टक्के जुळलं तरी चालेल! पुढे काउंटीच्या अधिकार्‍यांनी खातरजमा करावी अशी अपेक्षा होती, पण काहींनी केली, काहींनी यादी वापरायलाच नकार दिला, आणि काहींनी सरळ लोकांना पत्रं पाठवली की तुमचं नाव काढतोय, तुम्ही तो नव्हेच हे तुम्ही सिद्ध करा. एका काउंटीच्या निवडणूक अधिकारी बाईंना तर स्वतःच्याच नावाचं तसं पत्र आलं!

नोव्हेंबर २००० च्या निवडणुकीत त्या राज्याचा, आणि पर्यायाने अमेरिकेच्या अध्यक्षपदाचा, निकाल ५३७ मतांनी लागला. त्या यादीमुळेच निकाल फिरला असं मी म्हणणार नाही. पण अमेरिकेच्या नागरी हक्क आयोगाने २००१ मध्ये अहवाल दिला त्यात या यादीवर कडक ताशेरे आहेत, आणि चुकीने नाव आलेल्यांमध्ये काळ्या लोकांचं प्रमाण जास्त होतं हेही आहे. तिसरी टोपली कागदावर होती. तिचं ओझं मात्र ज्याचं नाव चुकलं त्याच्याच डोक्यावर ठेवलं होतं.

आता नंदुरबार. २९ सप्टेंबर २०१० ला शहादा तालुक्यातल्या टेंभली या गावात देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला. एका माणसाला एकच क्रमांक, ही त्यातली मुख्य अट. नाव, पत्ता, जन्मतारीख यांचा आपल्याकडे काय भरवसा आहे ते वर सांगितलंच. म्हणून दहा बोटांचे ठसे आणि दोन डोळ्यांची बुबुळं घेतली, आणि नवीन माणूस आला की तो आधीच्या सगळ्यांशी ताडून बघायचा असं ठरलं. २०१२ मध्ये प्राधिकरणाने या कामाचा अहवाल काढला. तेव्हा ८.४ कोटी लोकांच्या साठ्याशी ताडताना नव्या माणसाला चुकून "हा आधीच आहे" म्हणायचं प्रमाण ०.०५७ टक्के होतं. ऐकायला काहीच नाही. पण दिवसाला १० लाख नोंदणी धरली तर रोजची ५७० माणसं झाली. ५७० खरीखुरी माणसं, ज्यांना यंत्र म्हणतंय की तुम्ही दुसरंच कुणीतरी आहात. म्हणून अशा जोड्या माणसांनी बघायची व्यवस्था त्यात ठेवली होती. आधारबद्दल वाद पुष्कळ आहेत आणि त्यातले बरेच मला पटतात, पण तिसरी टोपली लागणार आणि ती रोज लागणार, हे त्यांनी आकड्यासकट लिहून ठेवलं होतं.

आता ती गोष्ट

नोकरीची पहिली दोन-तीन वर्षं. आमच्या छोट्या कंपनीकडे एका पतसंस्थेचं काम आलं. संस्थेचं नाव सांगत नाही, त्यांची काही चूकही नव्हती. वहीतले सभासद कॉम्प्युटरवर घ्यायचे होते. एकाच माणसाची ठेव एका वहीत, कर्ज दुसर्‍या वहीत, त्यामुळे यादीत डुप्लिकेट भरपूर. मी हॅशसेट शिकून ताजा ताजा तयार झालेला. जन्मतारखेचा रकाना बघितला तर निम्मा रिकामा, उरलेल्यात १ जूनची रांग. म्हटलं, हा रकानाच नको. पूर्ण नाव जुळलं, पत्ता जुळला, की माणूस एक. इक्वल्स लिहिली, प्रोग्रॅम चालवला, यादी सुटसुटीत झाली. मॅनेजर खूष, मी त्याहून खूष.

महिना-दीड महिन्याने काहीतरी कामाला तिथे गेलो होतो. एक आजोबा पासबुक घेऊन काउंटरवर आले. ठेवीचं व्याज दर महिन्याला त्यांच्या बचत खात्यात जमा व्हायचं, त्यातून ते औषधं आणायचे. या महिन्यात व्याज जमा झालं आणि त्याच दिवशी कर्जाच्या थकलेल्या हप्त्यापोटी वळतं झालं. आजोबा एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होते, "मी कर्ज कधी घेतलंच नाही हो." मी स्क्रीनवर बघितलं. नाव तेच, पत्ता तोच, मोटरसायकलचं कर्ज, दोन हप्ते थकलेले. मी त्यांना काय म्हणालो ते लिहायला आजही लाज वाटते. मी म्हणालो, "आजोबा, आठवून बघा, घेतलं असेल."

काउंटरवरच्या काकू चष्म्यावरून माझ्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, "अहो इंजिनिअर साहेब, हे आजोबा. मोटरसायकल नातवाची. नाव एकच आहे, माणसं दोन आहेत की!"

मराठी घरात वाढलेल्या माणसाला हे सुचू नये? आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत आहे. आजोबा विठ्ठल गणेश. त्यांचा मुलगा गणेश विठ्ठल. त्याचा मुलगा पुन्हा विठ्ठल गणेश. आडनाव तेच, घर तेच. तीन रकाने हुबेहूब जुळतात आणि माणसं दोन. शाळेत पेशवे पाठ केले होते की. बाळाजी विश्वनाथांचा मुलगा बाजीराव, आणि बाजीरावाचा मुलगा पुन्हा बाळाजी. तिथे परीक्षेत आजोबा आणि नातू बरोबर वेगळे लिहून मार्क मिळवले होते. आणि इथे प्रोग्रॅम लिहिताना त्यातलं काहीच डोक्यात आलं नाही.

आजोबांचे पैसे दोन दिवसांत परत जमा झाले. पण घोळ तेवढ्यावर संपला नाही. मी नोंदी नुसत्या एक केल्या नव्हत्या, जास्तीची नोंद डिलीट केली होती. कुठली कुठून आली याची खूण ठेवलेलीच नव्हती. मग जुन्या वह्या काढून एकेक जोडी पुन्हा सोडवत बसलो. दुसर्‍यांदा शहाणपण सुचलं. प्रोग्रॅमने काही एक करायचं नाही, फक्त संशयित जोड्यांची यादी छापायची. डॉट मॅट्रिक्सच्या त्या सलग कागदावर चारेकशे जोड्या आल्या. काकू दोन दुपारी लाल पेन घेऊन बसल्या. "हे एक. हे दोन. हे बापलेक. हा वारला, काढून टाका." मधेच थांबून म्हणाल्या, "आणि या दोघी तुझ्या यादीतच नाहीत, त्या एकच आहेत. लग्नानंतर नाव बदललं तिचं." पहिलं नाव वेगळं, मधलं वेगळं, आडनाव वेगळं, पत्ता वेगळा. माझा प्रोग्रॅम जन्मात ती जोडी पकडू शकला नसता. काकू तिच्या लग्नाला गेल्या होत्या!

त्यानंतर फेलेगी आणि संटर यांचा सिद्धांत वाचनात यायला बरीच वर्षं गेली. वाचताना तिसर्‍या टोपलीपाशी आलो आणि मला लाल पेनच दिसलं.

तेव्हापासून दोन सवयी लावून घेतल्या आहेत. एक, माणसांच्या नोंदी असतील तर डिलीट करायचं नाही. दोन नोंदी दुव्याने जोडायच्या, म्हणजे उद्या चूक कळली तर दुवा तोडता येतो. दुसरी, काम घेतानाच क्लाएंटला विचारायचं की ज्या जोड्यांचं मला सांगता येणार नाही त्या कोण बघणार? त्याला वेळ किती आहे? यावर बहुतेक वेळा समोरचा म्हणतो, "सॉफ्टवेअर घेतलंय कशाला मग?" तेव्हा मी आजोबांची गोष्ट सांगतो.

त्या मुलाला सोमवारी जॉइन व्हायचंय. पहिलं काम त्याला ग्राहकांच्या यादीचंच द्यायचं ठरवलंय. रिक्वायरमेंटमध्ये इक्वल्सबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाहीये. तो विचारायला येतो का बघू.